आमची आबोली

आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या मागे, जेथे पागोळ्या पडून पडून चिऱ्याला खळगा पडला आहे, तेथे २०२२ सालच्या चैत्रात एके सकाळी मुंग्यांची रांग लागलेली दिसली. चैत्रात आमच्याकडे मुंग्यांचेच राज्य असते, म्हणून आम्ही लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा तेथेच. तिसऱ्या दिवशी आमच्या काकींनी आम्हांला हाक मारली आणि विचारले, "आबोली खंय मुतता तें तुवें पळयलां?"

काकी स्वतः वीस वर्षांच्या मधुमेही. चरकसंहितेत प्रमेहाची चाहूल सांगताना मुंग्या मूत्राकडे धावतात हे लक्षण नोंदले आहे, असे आम्ही पुढे वाचले. काकींनी चरक वाचला नव्हता. पण त्यांना मुंग्या वाचता येत होत्या.

आबोली ही आमची कुत्री. २०१४ च्या पावसाळ्यात देवळाच्या अग्रशाळेच्या पायरीखाली कोणी सोडून दिलेले पिल्लू आमच्या सौ.नी पदराखाली घालून घरी आणले. अंगाचा रंग नेमका आबोलीच्या फुलासारखा, म्हणून तेच नाव पडले. आमचे घर फोंडा तालुक्यात, देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे तिचे अर्धे आयुष्य आमच्या पडवीत आणि अर्धे देवळाच्या दीपमाळेखाली गेले. सोमवारी पालखी निघाली की ही चार पावले पुढे चालायची. देवळाच्या आत पाऊल टाकायचे नाही हे तिला कोणी शिकविले, देव जाणे. दुपारची आरती झाली की भटजी बाहेर येऊन तिला द्रोणात खीर, कधी मणगणें घालीत. तो तिचा हक्क होता, आणि महाजनांपैकी कोणाची त्याला हरकत नव्हती.

ती पाणी फार पिते ते उन्हाळ्यामुळे, खाते फार ते स्वभावामुळे, आणि वाळली ते वयामुळे, अशी तीन कारणे आम्ही तीन लक्षणांना वाटून दिली होती. तिन्हींचे मूळ एक असेल असे मनातही आले नाही. पणजीच्या पशुवैद्यांनी तिच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला. निरोगी कुत्र्याची उपाशीपोटी साखर ८० ते १२० च्या आसपास असते. यंत्राने ४३६ दाखविले. कुत्र्यांच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. म्हणून माणसांसारखे गोळ्यांवर भागत नाही. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणाबरोबर इंजेक्शन, आणि तेही जन्मभर. खिरीने हा रोग झाला नाही, असेही वैद्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही ते भटजींना जसेच्या तसे कळविले, पण त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, "म्हज्याच हातांन जालें हें." त्या दिवसापासून द्रोण बंद झाला. आबोली मात्र रोज दुपारी दीपमाळेखाली जाऊन बसे, आणि भटजी मागच्या दाराने घरी जात.

आपल्या धर्मात व्रतांना तोटा नाही. सोळा सोमवार आहेत, एकादशा आहेत, चातुर्मास आहे. परंतु प्रत्येक व्रताला उद्यापन असते. केव्हा तरी ते संपणार, ब्राह्मण जेवणार आणि आपण सुटणार, हे ठाऊक असते म्हणूनच माणसे व्रत धरतात. आमच्या गळ्यात पडलेले हे व्रत उद्यापनाविना होते. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सकाळची सुई देऊन निघावे आणि संध्याकाळच्या सुईच्या आत परतावे, एवढ्यात जेवढी पृथ्वी मावेल तेवढीच आमची. बेळगाव मावते, पुणे मावत नाही. पुण्याच्या चिरंजीवांकडे आम्ही उभयता एकत्र गेलो नाही ते तेव्हापासून. एक जातो, एक राहतो. लग्नांना आम्ही अक्षता टाकून जेवणापूर्वी उठू लागलो, आणि यजमानांना काय कारण सांगावे याची लाज काही दिवस वाटली. नंतर तीही वाटेनाशी झाली.

खरी अडचण आली ती सोमवारची. तिचा आहार रोज तोच, तेवढाच आणि त्याच वेळी हवा, असे वैद्यांचे बजावणे होते. अन्नात फरक पडला की सुईचे माप चुकते. एरवी भात थोडा, उकडलेली भाजी आणि मासळी किंवा अंडे. पण सोमवारी आमच्या घरात चुलीवर निषिद्ध काही चढत नाही, आणि काकींच्या हयातीत ते कधी चढलेही नव्हते. दोन सोमवार आम्ही डाळीवर भागवून पाहिले. दोन्ही सोमवारी आकडे बिघडले. तिसऱ्या सोमवारी पहाटे न्हाणीघराच्या मागे तीन चिरे मांडलेले आणि त्यांवर एक जुने टोप ठेवलेले दिसले. काकींनी कोणाला काही सांगितले नाही, विचारलेही नाही. त्या चुलीला आजही "आबोलीची रांदण" म्हणतात, आणि तिच्यावरचे भांडे घरात येत नाही.

एका वृद्ध महाजनांनी आम्हांला देवळाच्या पायरीवर गाठले. "अहो, माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याला इन्शुलिन टोचता!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्याच गावात औषधाची बाटली पुरवून पुरवून वापरणारी घरे आहेत, हे आम्हांला माहीत होते. आम्ही गप्प राहिलो. उत्तर मिळाले ते पुढे, रात्री जागताना चाळलेल्या वैद्यकाच्या इतिहासात. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. या रोगाचा त्या ग्रंथीशी संबंध आहे हे जगाला असे कळले. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ज्या रुग्णांवर आपला अर्क प्रथम वापरून पाहिला ती सारी कुत्रीच होती. त्यांतली मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडाशिवाय, केवळ त्या अर्कावर, सुमारे ७० दिवस जगली. त्यानंतर ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई मिळाली, आणि १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक.

हे आम्ही काकींना वाचून दाखविले. त्या वेळी त्या स्वतःच्याच पोटावर सुई टोचून घेत होत्या. सुई काढून, कापूस दाबून धरून म्हणाल्या, "तें वखद सुण्यांचेंच मरे. तांचेलें हांव घेतां." पुढे त्या महाजनांना हे वाक्य काकींनीच ऐकविले. त्यांनी ते मानले की नाही सांगता येत नाही; पण पुन्हा विचारले नाही.

जे रोगी बरे होत नाहीत त्यांच्या घरी एक चमत्कारिक प्रकार घडतो. रोग ओळखीचा होतो, घरातल्या माणसासारखा. आणि आपल्याला वाटू लागते की त्याचे सारे स्वभाव आपल्याला कळले. नेमके तेव्हाच तो पालटतो. २०२२ च्या आश्विनात सारे आकडे एकाएकी चढले; सुईचे माप वाढविले तरी उतरेनात. कारण निघाले तिचा ऋतू. त्या काळातली संप्रेरके इन्शुलिनला जुमानू देत नाहीत. डिसेंबरात शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढले आणि आकडे खाली आले. आठ वर्षांपूर्वीच हे करायला हवे होते, असे वैद्य म्हणाले. आम्ही केले नव्हते. तेव्हा ते आम्हांला निर्दयपणाचे वाटले होते.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती आंधळी झाली. आठवड्याभरात झाली. रक्तातली जादा साखर डोळ्यांतल्या भिंगात शिरून तेथे पाणी ओढून घेते आणि भिंग दुधासारखे पांढरे होते. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हे येते, असे आम्हांला आधी सांगितले गेले होते. सांगितलेले असणे आणि एका सकाळी आपली कुत्री दीपमाळेवर आदळताना पाहणे, यांत फार अंतर आहे. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने दगड हुंगला, त्याला प्रदक्षिणा घातल्यासारखी वळली आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. आम्ही त्या दिवशी जेवलो नाही, ती मात्र नीट जेवली. घरातले सामान जेथल्या तेथे ठेवण्याची शिस्त आली. पडवीतली खुर्ची कोणी हलविली तर ओरडा बसे. आमच्या सौ.नी साठी उलटल्यावर पुन्हा पैंजण घातले, आपण कोठे आहोत ते तिला कळावे म्हणून. गावातल्या बायकांनी प्रथम थट्टा केली. आम्ही मात्र त्या आवाजाने तरुण झालो नाही असे म्हणणार नाही.

आता त्या चतुर्थीविषयी लिहिले पाहिजे, आणि ते लिहावे असे मुळीच वाटत नाही.

१९ सप्टेंबर २०२३. आमचा गणपती दीड दिवसाचा. घर माणसांनी भरलेले, माटोळी बांधलेली, नेवऱ्यांचे डबे, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास, आणि बाहेर धो धो पाऊस. संध्याकाळच्या आरतीला मुलांनी घुमट आणि शामेळ काढले, तेवढ्यात वीज गेली. सात वाजले होते. आम्ही फ्रिज उघडला, अंधारात बाटली काढली, सिरिंजमध्ये नेहमीच्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि आबोलीच्या मानेमागे टोचले. फ्रिजच्या दारात दोन बाटल्या असत, एकाच आकाराच्या. आबोलीची मिलिलिटरमागे ४० एककांची, काकींची १०० एककांची. दोहोंच्या सिरिंजाही निरनिराळ्या. आम्ही सिरिंज आबोलीची घेतली आणि बाटली काकींची. ७ च्या रेघेवर तिला साडेसतरा एकके गेली. अडीचपट.

हे तेव्हा कळले नाही. रात्री अकराच्या सुमाराला, शेवटची फुगडी संपून बायका पाणी पीत होत्या, तेव्हा आबोली पडवीतून उठली आणि दारुड्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. मग खालचा जबडा थरथरू लागला, पाय ताठ झाले आणि ती कुशीवर कोसळली. भाच्याने बॅटरी धरली. कानाच्या थेंबाने ३८ दाखविले. साखर ६० च्या खाली गेली की धोका, एवढे आम्हांला पाठ होते. दीड वर्ष ज्या गोडापासून तिला राखले ते गोडच आता हवे होते, आणि हाताशी होता तो पंचामृतासाठी आणलेला मध, गणपतीपुढे वाटीत ठेवलेला. सौ.नी ती वाटी उचलली. आकडीत असलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतू नये, घशात जाते. म्हणून बोटाने हिरड्यांना चोळत राहायचे. दहा मिनिटे आम्ही मध चोळीत होतो. आरतीला जमलेली माणसे भोवती उभी होती आणि कोणी बोलत नव्हते. आकडी थांबली. तिने जीभ बाहेर काढून सौ.चे बोट चाटले.

परंतु मध उतरतो आणि औषध राहते. ५८, मग ४४, मग पुन्हा मध, ६१, पुन्हा ४७. अर्ध्या अर्ध्या तासाने. पशुवैद्यांना मध्यरात्री फोन लावला. त्यांनी विचारले, किती दिले? तेव्हा आम्ही फ्रिजपाशी गेलो आणि दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. काकींची बाटली पुढे होती आणि तिच्या झाकणावर ओलसर बोट उमटले होते. आम्ही परत पडवीत आलो आणि सौ.ला सांगितले. ती काही बोलली नाही. तिने वाटी आमच्या हातात दिली आणि ती जरा भिंतीला टेकली.

उजाडताच तिला पणजीला नेऊन सलाईनमधून साखर सुरू करायची, असे ठरले. म्हणजे त्या दिवशीच्या विसर्जनाला आम्ही नसणार. वडील वारल्यापासून आमच्या घरचा गणपती आमच्याच डोक्यावरून तळीपर्यंत गेला होता. आम्ही काकींच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्या जाग्याच होत्या. म्हणाल्या, "गणपती फुडल्या वर्सा परत येतलो. तूं वच."

गणपती भाच्याने नेला. त्या वेळी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून थेंब मोजीत होतो. संध्याकाळी आबोली उठून उभी राहिली. परत आल्यावर पाहिले तो काकींनी आपल्या बाटलीला हळदीत बुडविलेला दोरा सात वेढे घालून बांधला होता आणि ती फ्रिजच्या दुसऱ्या टोकाला, लोणच्याच्या बरणीमागे ठेवली होती. चूक कोणाची, हा शब्द घरात कोणी काढला नाही. तो काढला असता तर कदाचित बरे वाटले असते.

महाप्रस्थानात धर्मराजाने श्वानाला सोडून स्वर्गात जाणे नाकारले, ही कथा त्यानंतर आम्हांला पुष्कळांनी सांगितली. वैश्वदेवात कुत्र्याचा घास काढणारे आपण लोक; कथा आपल्याला ठाऊक असतेच. पण धर्मराजाचा श्वान अखेरीस प्रत्यक्ष धर्म निघाला. आमची आबोली कुत्रीच राहिली आणि पहाटे तीनला अंगणात न्यावी लागे. धर्मराजाला एकदाच नाही म्हणावे लागले. ज्याला रोज दोनदा हो म्हणावे लागते त्याची कथा पुराणात आम्हांला सापडली नाही.

जुलै २०२४ मध्ये तिने अन्न सोडले. ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि श्वासाला पिकून उतरलेल्या रसाळ फणसासारखा वास येऊ लागला. मूत्रमार्गात जंतू शिरले होते. त्यामुळे इन्शुलिन पुरेनासे होऊन शरीर चरबी जाळू लागले होते आणि त्यातून होणारी आम्लद्रव्ये रक्तात साचली होती. यंत्र आकडा न दाखवता केवळ "हाय" असे लिहून थांबले. तिला दवाखान्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी वैद्यांनी आम्हांला बाजूला घेतले. ते चांगले गृहस्थ. बोलण्याआधी त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, वाचेल असे वचन देता येत नाही. तिला शांतपणे जाऊ देण्याचा मार्ग आहे, त्यात पाप आहे असे मला वाटत नाही, तुम्ही विचार करा.

सौ. म्हणाली, देवाला कौल लावू. आमच्या देवळात शंका असली की देवाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचे तंटे आणि मुलींची लग्ने त्यावर ठरलेली आम्ही पाहिली आहेत. आम्ही स्नान करून गेलो. भटजींनी पाकळ्या भिजवून तयार ठेवल्या, समई सारली आणि वळून विचारले, "कितें विचारूं देवाक?"

आम्ही तोंड उघडले आणि शब्द सापडेना. ती जगेल का, असे विचारावे? ते वैद्यांनाच सांगता येत नव्हते, आणि देवाने होय म्हटले तरी सुई आम्हांलाच द्यायची होती. तिला मारू का, असे विचारावे? देवाच्या उजव्या पाकळीवर ते टाकून आपण मोकळे व्हावे, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. भटजी थांबले होते. बाहेर पन्हळीचे पाणी पडत होते. अखेर आम्ही म्हणालो, आज नको. भटजींनी पाकळ्या तशाच देवाच्या चरणी वाहिल्या आणि कोणताही प्रश्न न घालता हात जोडले. मग गाभाऱ्याबाहेर येऊन हळूच विचारले, ती काही खाते का?

दवाखान्यात जाऊन आम्ही वैद्यांकडे दोन दिवस मागितले. दोन दिवसांत तिने स्वतः होऊन तोंड हलविले नाही तर पुढे ताणायचे नाही, असे आम्ही उभयतांनी ठरविले आणि ते मोठ्याने बोललो, म्हणजे मागून बदलता येऊ नये. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौ. पिंजऱ्यापाशी गेली. पैंजणांचा आवाज झाला तशी आबोलीने मान उचलली, आणि तळहातावरच्या उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग सोडून पांढरा तेवढा खाल्ला. तो वार सोमवार होता.

आज, २०२५ साली, ती अकरा वर्षांची आहे. मागचे पाय बारीक झाले आहेत. पालखीच्या पुढे चालणे आता जमत नाही, चौघड्याच्या आवाजाच्या रोखाने ती मागून येते आणि मानकरी तिच्यासाठी पाऊल हळू टाकतात. गेल्या वर्षीपासून भटजी पुन्हा पुढच्या दाराने घरी जाऊ लागले आहेत. दुपारी आरतीनंतर ते तिच्यासाठी काकडीचा एक तुकडा आणतात; मापाने, वैद्यांना विचारून ठरविलेला. ती तो घेते. आणि मग, रोज न चुकता, त्यांचा दुसरा हात हुंगून पाहते.